बोर्डिंग झालं, विमान यायचंय

सत्तावीस वर्षं मी एका दारात उभी राहून पगार घेतला. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "मुलगी विमानतळावर म्हणजे नेमकं काय करते?" मी म्हटलं, "प्रवाशांचे पास तपासून त्यांना विमानाकडे सोडते." त्यांनी थोडा विचार केला आणि शेजारच्या काकूंना सांगितलं, "दारावर असते." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, माझ्या कामाचं इतकं अचूक वर्णन कंपनीच्या एकाही कागदावर नव्हतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. निवृत्तीच्या कागदांवर सही करताना तसं कबूल केलंय, आणि नाव सांगितलं तरी फरक पडणार नाही. सगळ्यांची दारं सारखीच असतात. मी वारज्याची. आमच्या घरामागे ऊस होता तिथे आता चौदा मजली सोसायट्या आहेत. तिथून रोज लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर. म्हणजे शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. कितीतरी वेळा वारजे ते लोहगाव जायला मला जितका वेळ लागला, तितक्यात माझे प्रवासी दिल्लीला उतरून सामानाची वाट बघत उभे असायचे.

लोकांना वाटतं विमान उडवणं अवघड आहे. असेल. पण मला विचाराल तर विमान भरणं त्याहून अवघड आहे. विमान उडवायला दोन माणसं लागतात आणि दोघं शिकलेली असतात. विमानात चढतात एकशे ऐंशी, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण आधी चढलो तर आधी पोहोचू.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. विमानात मधोमध एकच वाट असते, दीड हात रुंद. पाचव्या रांगेतला गृहस्थ डोक्यावरच्या कप्प्यात बॅग ठेवायला थांबला, की त्याच्यामागचे सगळे थांबले. बॅग ठेवून झाली की त्याला आठवतं की चार्जर बॅगेत राहिला. मग बॅग खाली. म्हणून पुस्तकात लिहिलंय की मागच्या रांगा आधी सोडा. पुस्तक लिहिणाऱ्याने माणसं बघितली नसावीत. मागच्या रांगेतली माणसं आत शिरतात, पुढचे कप्पे रिकामे दिसतात, तिथे बॅगा ठेवून मागे जाऊन बसतात. मग पुढचे येतात, त्यांना जागा नसते, ते बॅग घेऊन मागे निघतात, आणि मागून अजून लोक येतच असतात. एकदा असे दोन गृहस्थ बाराव्या रांगेपाशी समोरासमोर आले. दोघेही पुण्याचे. "आपण मागे व्हा," "आपण का नाही होत," असं अत्यंत सभ्य भाषेत सात मिनिटं चाललं.

मग खिडकीवाले आधी, मधले नंतर, कडेचे शेवटी, असा प्रयोग आला. कागदावर छान. पहिल्याच दिवशी एक कुटुंब आलं: नवरा खिडकीत, सासूबाई मध्ये, बायको कडेला. मी नियमाप्रमाणे फक्त नवऱ्याला बोलावलं. तो इतक्या आनंदाने एकटा निघून गेला की मला त्याची काळजी वाटली. बायको म्हणाली, "मॅडम, पुढच्या वेळी याला मधली सीट द्या." पण दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या मुलीला आईवडिलांच्या नंतर सोडायची वेळ आली. तिने हॉलमध्ये जो सूर लावला त्याने तो प्रयोग संपला.

मग गट आले. एक, दोन, तीन, चार. पण आपण चौथ्या गटातले आहोत हे मान्य करणारा माणूस मला सत्तावीस वर्षांत भेटला नाही. आणि गटांच्याही आधी मानाचे: सोनेरी कार्डवाले, चंदेरी कार्डवाले, कुठल्याशा बँकेचे कार्डवाले, लहान मुलंवाले, सैन्यातले, व्हीलचेअरवाले. हे सगळे गेले की मी माइकवर म्हणायची, "आता उरलेल्या प्रवाशांनी यावं," आणि हॉलमध्ये सात जण उरलेले असायचे. व्हीलचेअरचं तर विचारूच नका. पुण्यात अकरा चेअर ढकलत न्यायच्या, आणि तिकडे उतरल्यावर त्यातले आठ जण बॅग उचलून सगळ्यांच्या पुढे चालू लागायचे. खरोखर गरज असलेले तिघं मात्र चेअरची वाट बघत शेवटपर्यंत बसून.

एकदा वैतागून मी मराठीत घोषणा केली, "विमानात सगळ्यांना जागा आहे. उभ्याने कोणीही जाणार नाही. रांगेत आधी उभं राहिल्याबद्दल कंपनी काहीही देत नाही." हॉल हसला, आणि रांग जागची हलली नाही. वरून माझ्याकडून खुलासा मागवला गेला तो वेगळाच.

हे सगळं मी मजेत सांगते, दिवाळीत घरी पाहुणे आले की हेच किस्से सांगते. पण माझ्या नोकरीतला एक प्रसंग मी पाहुण्यांना सांगत नाही, आणि तो इथे लिहिणार आहे.

निवृत्तीला तीनेक वर्षं राहिली असतील. पुण्याला नवा स्टेशन मॅनेजर, म्हणजे कंपनीचा इथला प्रमुख, आला. खरं नाव लिहीत नाही, अंकित म्हणू. वय तीसच्या आत, कपडे इस्त्रीचे, आणि हातात कायम एक तक्ता. तक्त्यात देशातली सगळी गावं आणि पुढे हिरवा किंवा लाल चौकोन. बोर्डिंग ठरल्या वेळी सुरू झालं तर हिरवा. पुणे कायम लाल. कारण सोपं होतं. आमचं विमान आधी दुसरीकडून येणार, मग त्यातले लोक उतरणार, साफसफाई होणार, तेल भरणार, आणि मग आतले कर्मचारी 'पाठवा' म्हणणार. विमानच उशिरा आलं तर मी कुणाला कशात चढवू? त्यात इथली धावपट्टी हवाई दलाची, आम्ही भाडेकरू. घरमालकांचं काम आधी.

दर सोमवारी अंकित विचारायचा, "मॅम, पुणे रेड क्यों है?" मी दर सोमवारी तेच सांगायची. एका सोमवारी मला कंटाळा आला आणि मी सहज म्हणून गेले, "अरे, बोर्डिंग म्हणजे तुमच्या कम्प्युटरच्या दृष्टीने काय? दारात पास स्कॅन झाला की बोर्डिंग झालं. मग विमान असो नसो. पास स्कॅन करायचे, लोकांना बसमध्ये भरायचं, बस विमानाजवळ नेऊन उभी करायची. कम्प्युटरला काय कळतंय?"

मी चेष्टेने म्हटलं होतं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे निम्मं चेष्टेने. अंकितचे डोळे चमकले तेव्हा मला बरंही वाटलं. दोन आठवड्यांत पुणे हिरवं झालं. केक कापला. मला प्रमाणपत्र मिळालं, त्यावर इंग्रजीत 'कल्पकतेबद्दल' असं काहीतरी होतं. छप्पन्नाव्या वर्षी केकच्या मागे उभं राहून फोटो काढताना मी चक्क लाजले होते.

या कल्पकतेला पहिला विरोध बबनरावांनी केला. हे आमचे बसचालक. लोणी काळभोरचे, कंत्राटदाराकडून आलेले. त्याआधी बरीच वर्षं कात्रजच्या बाजूला दुधाचा टँकर चालवायचे. पहिल्या दिवशी पासष्ट माणसं बसमध्ये भरून दार लावलं तेव्हा ते खाली उतरून माझ्याकडे आले.

"म्याडम, इमान तर आजून साफ बी झालं न्हाई. लोकान्ला कुठं नेऊन घालू?"

"विमानाजवळ उभी करा बस. निरोप आला की सोडा."

"तंवर?"

"तोवर थांबायचं."

"तेल भरत्यात तवा इंजन बंद ठेवावं लागतंय. म्हंजी एसी बी बंद. आन दार उघडायला परवानगी न्हाई."

"पाचदहा मिनिटांचा प्रश्न आहे, बबनराव."

त्यांनी मान डोलावली. "दूध बी नासतंय म्याडम उन्हात," एवढं म्हणून ते बसमध्ये चढले. मी हसले. विनोद चांगला होता, मी तो घरीही सांगितला.

दुसरा विरोध सबनीसांचा. हे निवृत्त गृहस्थ, भूमापन खात्यातले. मुलगी नागपूरला दिलेली, म्हणून महिन्यातून एकदा आमच्या दुपारच्या नागपूर विमानाने जायचे. एकदा सगळी रांग दारातून गेली तरी हे खुर्चीत बसून. मी जवळ गेले.

"काका, बोर्डिंग सुरू झालंय. चला."

"बाई, एक विचारू? हे दार विमानाकडे जातं की बसकडे?"

"बसकडे. बस विमानाकडे नेते."

"आणि विमान कुठाय?"

"येतंच आहे."

"मग आलं की सांगा. तोवर मी इथेच आहे. इथे गार आहे."

मी माइकवरून तीनदा त्यांचं नाव पुकारलं. तिन्ही वेळा त्यांनी खुर्चीतून हात वर केला आणि "हजर" म्हटलं. शेवटी मी म्हटलं, "आता आपल्याला ऑफलोड करावं लागेल."

"करा ना. जे विमान आलंच नाही त्यातून मला उतरवून दाखवा."

मी काही त्यांना उतरवलं नाही. तेव्हापासून ते दर महिन्याला शेवटच्या बसने जाऊ लागले आणि मी त्यांच्याकडे न बघण्याची सवय लावून घेतली.

आता तो दिवस. मे महिना, दुपारची वेळ, नागपूरचंच विमान. ते यायला अर्धा तास उशीर होता. हॉलमध्ये बरेचसे प्रवासी तिकडचेच. पुण्यात नोकरीला असलेली मुलं सुट्टीला निघालेली, काही मुलांचे आईवडील परत गावी निघालेले. त्यातल्या एक कौसल्याबाई. वर्ध्याकडच्या, साठीच्या पुढच्या. मुलगा चाकणच्या कारखान्यात, तो बाहेरच्या दारापर्यंत सोडून कामावर पळाला होता. विमानाने एकट्या पहिल्यांदाच निघालेल्या. त्यांना सबनीसांच्या शेजारी खुर्ची मिळाली होती आणि दोघांच्या नागपूरच्या उन्हाबद्दल गप्पा चालल्या होत्या.

मी पास स्कॅन करायला सुरुवात केली तशा त्या माझ्यापाशी आल्या. "बाई, मी सगळ्यायच्या शेवटी गेली तं चालते का? मले गर्दीत उभं नाही राहवत. जीव घाबरते."

सबनीस मागून म्हणाले, "चालतं हो. मी शेवटीच जातो. बसा इथे."

तेव्हा मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "मावशी, उलट तुम्ही आधी जा. पहिल्या बसमध्ये बसायला जागा मिळेल." हे मी काळजीने म्हटलं होतं. आणि सबनीसांची सवय दुसऱ्या कुणाला लागू नये, हेही त्यात होतं. दोन्ही खरं आहे. मी त्यांच्या पिशवीला हात लावला आणि त्यांना स्वतः बसपर्यंत नेऊन खिडकीपाशी बसवलं.

बस भरली, विमानाच्या जागेपाशी जाऊन उभी राहिली. विमान नुकतंच येऊन लागलं होतं. आतले लोक उतरत होते, तेलाची गाडी लागत होती. बसचं इंजिन बंद. चारी बाजूंनी काचा, वरून ऊन, खाली तापलेलं काँक्रीट.

दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर बबनरावांचा आवाज आला. "म्याडम, लोकं लई तापलीत. माघारी आणू का?"

"पाच मिनिटं थांबा. निरोप येतोय."

मी विमानात विचारलं. साफसफाई चालू होती. आणखी सहा-सात मिनिटांनी परत आवाज आला. "म्याडम, एक ल्हान पोर रडायला लागलंय. माघारी आणतो."

"बबनराव, आणू नका. सगळे बोर्ड झालेत. आणले तर मोठा घोळ होईल. थांबा."

घोळ म्हणजे काय ते सांगते. एकदा स्कॅन झालेला माणूस कम्प्युटरच्या लेखी विमानात असतो. तो परत हॉलमध्ये आला तर एकेकाला आधी कम्प्युटरमधून उतरवायचं, मग परत चढवायचं, माणसं आणि सामान पुन्हा मोजायचं. तासाभराचा खेळ. आणि हिरवा चौकोन लाल.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मी काचेतून बघितलं तर बस वळून दाराकडे येत होती. मी बाहेर धावले ती त्यांना बोलायला. दार उघडलं आणि बोलणं राहिलं. दोन तरुण मुलांनी कौसल्याबाईंना हातांवर धरलं होतं. कपाळातून रक्त येत होतं. एका बाळंतिणीला उभं बघून त्यांनी आपली जागा तिला दिली होती, उभ्या राहिल्या, चक्कर आली आणि पडताना कपाळ खांबावर आपटलं. डोळे अर्धवट उघडे, ओठ पांढरे.

विमानतळावरचे डॉक्टर आले. मी कौसल्याबाईंचं डोकं मांडीवर घेऊन खाली बसले. नाडी बघून डॉक्टर म्हणाले, "किती वेळ होत्या बसमध्ये?"

मी म्हटलं, "थोडा वेळ."

मागून बबनराव म्हणाले, "बावीस मिन्टं."

रुग्णवाहिकेतून त्यांना नेलं, मुलाला फोन केला. तेवढ्यात बसमधली सगळी माणसं हॉलमध्ये शिरली होती आणि माझ्याभोवती ओरडत होती. त्यांना कम्प्युटरमधून उतरवता चढवता विमान सत्तर मिनिटं उशिरा सुटलं. सबनीस शेवटच्या बसने गेले.

संध्याकाळी अंकितने मला खोलीत बोलावलं. तो घाबरला होता. मुख्य कार्यालयातून दोन फोन आले होते. "मॅम, सिंपल है. ड्रायव्हर बिना इन्स्ट्रक्शन वापस आया. उसी से डिले हुआ. आप बस इतना लिख दो."

मी लिहिलं. इंग्रजीत, एक पान भरून. बसचालकाने गेटकडून परत येण्याची कोणतीही सूचना नसताना प्रवाशांसह बस परत आणली, त्यामुळे फेरमोजणी करावी लागली, त्यामुळे सत्तर मिनिटांचा उशीर झाला, दरम्यान एका महिला प्रवाशाला अस्वस्थ वाटल्याने वैद्यकीय मदत देण्यात आली. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी दोनदा थांबा म्हटलं होतं, त्यांनी न विचारता आणली. आणि लिहिण्याची हातोटी अशी, की वाचणाऱ्याला वाटावं बस परत आली म्हणून बाई आजारी पडली.

खाली चालकाची सही लागते. मी कागद घेऊन बबनरावांकडे गेले. ते बसच्या पायरीवर बसले होते.

"काय लिवलंय, म्याडम?"

"काही नाही. झालं ते लिहिलंय."

त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. सही केली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आत येण्याचा पास काढून घेतला. कंत्राटदाराने चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. मी ऐकलं आणि दारात उभी राहून पास स्कॅन करत राहिले. कौसल्याबाईंची मात्र मी रोज फोनवर चौकशी करायची. कपाळाला चार टाके पडले होते, दोन दिवसांनी घरी सोडलं. त्या माझ्याशी इतक्या प्रेमाने बोलायच्या की फोन ठेवल्यावर मला जेवण जायचं नाही. "तुमी त्या दिवशी लय केलं माह्यासाठी," त्या म्हणाल्या. "आता मी रेल्वेनं जाते बाप्पा. थे उभी राह्यली तरी खिडकी तं उघडता येते."

तीन आठवडे गेले. महिना बदलला, नागपूरचं विमान लागलं, सबनीस आले. या वेळी ते स्वतःहून माझ्या टेबलापाशी आले.

"त्या बाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. घरी गेल्या."

"आणि तो बसवाला? दिसत नाही."

"त्यांची चौकशी चालू आहे."

सबनीसांनी माझ्याकडे बघितलं. चष्म्यावरून, सावकाश.

"आणि आपण दिसताय," ते म्हणाले, आणि जाऊन खुर्चीत बसले.

पुण्यात मी आयुष्यभर टोमणे ऐकले आहेत, दिलेही आहेत. त्यात राग नसतो, सरावच असतो. पण हे तीन शब्द मी वारज्यापर्यंत घेऊन गेले. रात्री नवऱ्याला पहिल्यांदा सगळं सांगितलं, मी बबनरावांना दोनदा थांबवलं होतं ते, आणि कागदावर काय आहे ते त्यांना न सांगता सही घेतली तेही. तो म्हणाला, "तू सांगितलंस तसं लिही ना. आत्ता सांगितलंस तसं."

सकाळी मी मराठीत चार ओळी लिहिल्या. विमान तयार नसताना बोर्डिंग मी सुरू केलं. ही पद्धत मीच सुचवली होती. चालकाने दोनदा परत येण्याची परवानगी मागितली, ती मी नाकारली. तो परत आला नसता तर त्या बाई आणखी वेळ बसमध्येच पडून राहिल्या असत्या.

अंकितला दाखवलं. तो खूप वेळ वाचत राहिला, त्याला मराठी वाचता जेमतेम यायचं. मग म्हणाला, "मॅम, रिटायरमेंट को दो-तीन साल हैं आपके. क्यों?" त्याच्या आवाजात धमकी नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

चौकशीला सुरक्षेचे एक अधिकारी होते, मराठी. त्यांनी दोन्ही कागद समोर ठेवले.

"तुमचं पहिलं निवेदन खोटं होतं?"

"नाही. अपुरं होतं."

"अपुरं मुद्दाम?"

मला वाटलं होतं असं कुणी सरळ विचारणार नाही. मी म्हटलं, "हो. मुद्दाम."

त्यांनी ते लिहून घेतलं. माझ्या तोंडून निघालेला तो 'मुद्दाम' आजही माझ्या फाइलमध्ये असेल.

पुढे काय झालं ते सांगते. मला गेटवरून काढलं आणि हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर बसवलं. उरलेली नोकरी मी इतरांच्या बॅगा शोधत काढली. तिथले लोक माझ्यावर रोज ओरडायचे आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. विमान तयार झाल्याशिवाय पास स्कॅन करू नये असं पत्र निघालं. अंकितची बदली झाली, माझ्यामुळे नाही, त्याची बढती होती. ते पत्र हल्ली कोणी पाळत नाही असं ऐकते. परवा भाची कोचीनला गेली, तिने बसमधूनच मेसेज केला, 'मावशी, बोर्डिंग झालं, विमान यायचंय.'

बबनराव पाच आठवड्यांनी परत आले. पहिल्या दिवशीच ते माझ्या नव्या काउंटरवर हजर झाले. मी उभी राहिले. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आले होते, ते सगळं विसरले. माफीचे दोन शब्द कसेबसे म्हटले.

त्यांनी ते ऐकलं, 'असू द्या' वगैरे काही म्हटलं नाही. खुर्ची ओढून बसले. "म्याडम, त्यो पयला कागद हाय का तुमच्याकडं? ज्याच्यावर मी सही केली?"

प्रत होती माझ्याकडे. मी काढली.

"वाचून दाखवा. मराठीत. मी कशावर सही केली ती मला कळू द्या."

मी वाचायला लागले. इंग्रजी वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत मोठ्याने सांगायचं. काउंटरवर आणखी एक सहकारी होती, ती उठून बाहेर गेली. 'चालकाने परत येण्याची कोणतीही सूचना नसताना' हे मी म्हटलं तेव्हा बबनरावांनी हात वर करून थांबवलं.

"परत वाचा ती."

मी परत वाचलं.

"म्हंजी तुम्ही मला थांबा म्हणला होता, ती ह्याच्यात न्हाई."

"नाही."

"आन बावीस मिन्टं?"

"तीही नाहीत."

"वाचा पुढं."

मी शेवटपर्यंत वाचलं. इंग्रजीत तो कागद किती सफाईदार वाटला होता. मराठीत वाचताना माझी जीभ प्रत्येक ओळीला अडखळत होती. पान संपायला आठ-दहा मिनिटं लागली असतील, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही नजर काढली नाही माझ्यावरून.

"आता दुसरा," ते म्हणाले.

दुसरा मराठीतच होता. मी वाचला. अर्ध्या मिनिटात संपला.

"बास? येवढाच?"

"एवढाच."

"ह्यो लई आखूड हाय."

"हो."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, खिशातून चष्मा काढला, लावला, आणि स्वतः एकदा पहिल्यापासून वाचला. बोट ओळीखाली फिरवत, सावकाश. मग कागदाची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. "ही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या.

बाहेरून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि दाराकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "म्याडम, तुम्ही वाचताना लई अडखळला."

मी पहिला कागद परत फाइलमध्ये लावत होते.

"ती बरं झालं," ते म्हणाले आणि बसकडे गेले.